पॉलिप दिसायला आतडं आधी साफ लागतं (माझ्या दोन कोलोनोस्कोपींवरून)

माझी पहिली कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठं आतडं आतून बघतात ती तपासणी) वाया गेली आणि चूक शंभर टक्के माझीच होती. पावडर कालवलेलं दोन लिटर पाणी प्यायचं होतं, सव्वा लिटरला मला वाटलं आता तर नुसतं पाणीच होतंय, झालं की साफ, कशाला उरलेलं ढोसत बसा, आणि बाकीचं बेसिनमध्ये ओतलं. वर दुपारी बायकोने प्रेमाने करून दिलेलं कोकम सरबतही पिऊन झालं होतं. दुसऱ्या दिवशी दुर्बीण आत गेली तर सगळा तपकिरी चिखल. रिपोर्टवर एका ओळीत ‘प्रिपरेशन पुअर, पुन्हा करावी’ आणि बिल मात्र पूर्ण. दीड महिन्याने परत गेलो, तेच टेबल, तेच डॉक्टर, फरक एवढाच की या वेळी शेवटचा ग्लाससुद्धा संपवला होता, आणि दोन पॉलिप सापडले. एक ४ मिलिमीटरचा, एक ८ चा. ते काय दीड महिन्यात उगवले नव्हते, पहिल्या वेळीही तिथेच बसलेले होते.

तेव्हापासून ओळखीत कोणाची कोलोनोस्कोपी ठरली की मला फोन येतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

पॉलिप म्हणजे काय आणि तो शोधायचा कशाला

मोठं आतडं साधारण दीड मीटरचं असतं, त्याच्या आतल्या अस्तरावर कधीकधी छोटे कोंब फुटतात, ते पॉलिप. काही मशरूमसारखे देठावर उभे असतात, काही बसके, आणि काही इतके सपाट की अस्तराला जरा सूज आलीये एवढंच वाटतं. दुखत नाहीत, बहुतेक वेळा रक्तही येत नाही, त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ या वाक्याला इथे फारसा अर्थ नाही.

सगळे पॉलिप वाईट नसतात. हायपरप्लास्टिक म्हणतात ते छोटे, विशेषतः शेवटच्या भागातले, निरुपद्रवी असतात. लक्ष ठेवायचं ते दोघांवर, अडेनोमा आणि सपाट सेरेटेड पॉलिप, कारण मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर यांच्यातूनच सुरू होतात. पण हे व्हायला वेळ लागतो, साधारण दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त, आणि बरेचसे अडेनोमा तर कधीच कॅन्सर होत नाहीत. पण कुठला होणार हे बघून सांगता येत नाही म्हणून सापडला की काढायचा. स्तनाच्या कॅन्सरसाठी मॅमोग्राफी करतात ती आजार लवकर पकडायला, इथे मात्र आजार व्हायच्या आधीच त्याचं मूळ काढता येतं.

आणि काढणं आता इतकं सोपं झालंय की पूर्वी काय होतं ते आपण विसरलो. १९६९ साली न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल हॉस्पिटलात हिरोमी शिन्या आणि विल्यम वुल्फ या सर्जननी दुर्बिणीतून तारेचा फास टाकून पॉलिप काढायला सुरुवात केली, त्याआधी वरच्या भागातल्या पॉलिपसाठी पोटच उघडावं लागायचं.

कोणी करायची

आधी एक गोष्ट स्पष्ट. शौचावाटे रक्त पडतंय, हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलंय, पोट साफ व्हायची सवय महिनाभरात बदललीये, वजन कमी होतंय, यातलं काही असेल तर ते स्क्रीनिंग (त्रास नसताना खबरदारी म्हणून बघणं) नव्हे, ती तपासणी आहे आणि ती लवकर करायची, वय काहीही असो. माझ्या दादाने दीड वर्ष रक्ताला मूळव्याध म्हणून काढलं, मलम, चूर्ण, गावाकडच्या कोणाचं तरी औषध, सगळं झालं. मूळव्याध होतीच त्याला, खोटं नाही, पण तिच्या वर आणखीही काहीतरी होतं. ५२ व्या वर्षी कॅन्सरचं निदान झालं. मूळव्याध असली म्हणजे वर दुसरं काही नाही असं होत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना फार महागात कळलं.

आता त्रास काहीच नाही त्यांचं. अमेरिकेत २०२१ पासून ४५ वयापासून सर्वांना स्क्रीनिंग सांगतात (आधी ५० होतं), तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना फॅमिली डॉक्टर स्वतःच आठवण करतो. भारतात सरकारी स्क्रीनिंग कार्यक्रम आहे तो तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी, मोठ्या आतड्यासाठी नाही. आपल्याकडे हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच कमी आहे हे खरं, पण टाटा मेमोरियलमध्ये आलेल्या रुग्णांच्या अभ्यासात सरासरी वय पन्नाशीच्या आतलं निघालं होतं, त्यामुळे ‘हा म्हातारपणाचा आजार’ हेही खरं नाही.

माझं मत विचाराल तर, घरात कोणाला नाही आणि त्रासही नाही अशा ४५-५० च्या माणसाने आधी डॉक्टरांशी बोलून फिट नावाची शौचाची टेस्ट करावी. त्यात डोळ्याला न दिसणारं रक्त शोधतात, पथ्य लागत नाही, दरवर्षी करायची. पॉझिटिव्ह आली तर मात्र कोलोनोस्कोपी करायचीच, ‘परत एकदा टेस्ट करून बघू’ असं नाही. निगेटिव्ह आली म्हणजे पॉलिप नाहीच असंही नाही, कारण छोटा पॉलिप रक्त सोडत नाही आणि सपाट सेरेटेड तर अजूनच कमी.

पण आईवडील, भाऊबहीण किंवा मुलं यांच्यापैकी कोणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर फिटमध्ये वेळ न घालवता थेट कोलोनोस्कोपी. नियम असा की ४० व्या वर्षी, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात निदान झालं त्याच्या १० वर्षं आधी, दोन्हींत जे आधी येईल तेव्हा. म्हणजे मी ४० ला जायला हवं होतं, गेलो ४६ ला. घरात दोनतीन पिढ्यांत पोटाचे, गर्भाशयाचे कॅन्सर असतील, तेही कमी वयात, तर लिंच सिंड्रोमबद्दल (घराण्यातून येणारा कॅन्सरचा धोका) डॉक्टरांना विचारा, त्यात तपासणी विशीत सुरू होते आणि दर एकदोन वर्षांनी करावी लागते.

आठवडाभर आधी

पहिलं काम औषधांची यादी. सगळी, आयुर्वेदिक आणि दुकानातून आपणहून आणलेलीसुद्धा. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी बंद करायला सांगतात कारण त्याने शौच काळं आणि चिकट होतं आणि ते अस्तराला असं चिकटतं की धुऊन निघत नाही. इसबगोलही बंद, खूप लोकांना हे माहीत नसतं आणि पोट साफ व्हावं म्हणून उलट डबल घेतात.

रक्त पातळ करायच्या गोळ्या, म्हणजे क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन वगैरे, या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. स्टेंट असेल तर अजिबातच नाही. हृदयाच्या डॉक्टरांना आणि पोटाच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या आणि किती दिवस थांबायचं ते कागदावर लिहून घ्या. नुसती ॲस्पिरिन असेल तर बहुतेक वेळा चालू ठेवतात. डायबेटिसवाल्यांनी इन्सुलिन आणि गोळ्यांचं त्या दोन दिवसांचं वेगळं वेळापत्रक मागून घ्यावं, जेवण नाही आणि गोळी मात्र रोजची घेतली की साखर धाडकन खाली येते. किडनीचा त्रास असेल तर पावडर कुठली देताय हे विचाराच, सोडियम फॉस्फेटच्या औषधांनी किडनीला इजा होऊ शकते म्हणून २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मोठा इशारा दिला होता, अशा लोकांना पॉलिएथिलीन ग्लायकॉलवालं औषध देतात.

इन्शुरन्सचंही याच आठवड्यात विचारून ठेवा. नुसत्या स्क्रीनिंगचे पैसे पॉलिसी देईलच असं नाही. हॉस्पिटललाही विचारा की भूल, पॉलिप काढणं आणि बायोप्सी (काढलेल्या तुकड्याची लॅबमधली तपासणी) हे पॅकेजमध्ये आहे का वेगळं, कारण बायोप्सीच्या बाटल्या जितक्या तितकं बिल वाढतं.

खाणं, म्हणजे आपल्या ताटाचं काय करायचं

हॉस्पिटलच्या कागदावर ‘लो रेसिड्यू डाएट’ लिहिलेलं असतं, आता हे काय ते घरच्यांना कसं कळणार. साध्या भाषेत, दोन दिवस आधीपासून चोथा आणि बिया बंद. भाकरी नाही, पालेभाजी नाही, उसळ नाही, सॅलड नाही, पेरू, डाळिंब, टोमॅटो, वांगं, भेंडी नाही, तीळ, शेंगदाणे, जवसाची चटणी नाही. फोडणीतल्या मोहरीलाही मी सुट्टी दिली होती, कारण एवढीशी बी दुर्बिणीच्या शोषून घ्यायच्या नळीत अडकते म्हणे. चालतं काय तर पांढरा मऊ भात, वरणाचं वरचं पाणी, दही, उकडलेला सालं काढलेला बटाटा, मैद्याचा ब्रेड, अंडं, भाज्या न घातलेला रव्याचा उपमा. थोडक्यात, डॉक्टर एरवी जे खाऊ नका सांगतात तेच.

आदल्या दिवशी सकाळी हलकं काहीतरी आणि मग बहुतेक ठिकाणी फक्त पातळ पेयं सांगतात. पातळ म्हणजे ज्यातून पलीकडचं दिसतं ते. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा, गाळलेलं सूप, सफरचंदाचा गाळलेला ज्यूस. दूध नाही, ताकही नाही. लाल, जांभळं काही नाही. कोकम, सोलकढी, बीट, लाल जेली, हे सगळं आत गेल्यावर रक्तासारखं दिसतं. माझ्यासारखं करू नका.

पावडर

खरी परीक्षा हीच. कोलोनोस्कोपीत तुम्हाला काही करायचं नसतं, झोपायचं असतं. तुमचं काम आदल्या रात्री आणि त्या पहाटे असतं.

सगळं औषध आदल्या संध्याकाळी संपवण्यापेक्षा अर्धं संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या ४ ते ६ तास आधी घेतलं तर आतडं जास्त स्वच्छ राहतं, विशेषतः उजवी बाजू, कारण रात्रभरात लहान आतड्यातून पिवळा चिकट स्राव उतरत राहतो आणि सकाळपर्यंत तिथे थर बसतो. तुमच्या कागदावर सगळं संध्याकाळीच लिहिलं असेल तर फोन करून विचारा, दोन भागांत घेऊ का. माझी वेळ सकाळी ११ ची होती, म्हणून संध्याकाळी ६ ला पहिला लिटर, पहाटे ५ ला दुसरा, साडेसहाला संपवला आणि मग तोंडात पाण्याचा थेंबही नाही. शेवटचं पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे भूलतज्ज्ञ सांगतात ते काटेकोर पाळायचं, कारण पोटात पाणी असताना भूल दिली तर ते फुप्फुसात जायची भीती असते.

चव म्हणाल तर खारट, बुळबुळीत, सर्दीत नाकातून घशात उतरतं ना तसं, सॉरी पण हेच खरं. फ्रिजमध्ये गार करून ठेवा, स्ट्रॉने जिभेच्या मागे सोडा, मध्ये लिंबाची फोड चाटा. एक ग्लास दर १०-१५ मिनिटांनी. मळमळ वाढली तर अर्धा तास थांबून परत सुरू करा, उलटी झालीच तर डॉक्टरांना फोन करा. थांबलेलं परवडतं, ओतून दिलेलं नाही.

बाकी बारीकसारीक: घरात एकच संडास असेल तर आधीच जाहीर करा की तो संध्याकाळी ७ पासून आरक्षित आहे. सैल पायजमा घाला, नाडीची गाठ सोडायला वेळ मिळत नाही. पुसण्याऐवजी पाण्याने धुवा आणि खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन आधीपासून लावा, आग व्हायला लागल्यावर नाही. वयस्कर माणसाला रात्री एकट्याला उठू देऊ नका, पाणी कमी होऊन चक्कर येते आणि बाथरूममध्ये पडणं हा या सगळ्यातला खरा धोका आहे.

साफ झालं हे कसं ओळखायचं? पाणी होणं पुरेसं नाही, मी तिथेच फसलो. तपकिरी पाणी नाही, गढूळ पाणी नाही, लघवीसारखं पिवळसर आणि खालचा तळ दिसेल इतकं नितळ हवं. सगळं पिऊनही सकाळी गढूळच असेल तर निघायच्या आधी हॉस्पिटलला कळवा, कधीकधी एनिमा देऊन किंवा वेळ पुढे ढकलून निभावतं.

टेबलावर

सोबत एक जाणता माणूस न्या, त्या दिवशी गाडी चालवायची नाही, सह्याही करायच्या नाहीत. हाताला सलाईन लावतात, डाव्या कुशीवर झोपवतात, भुलीचं इंजेक्शन देतात आणि तुम्ही ‘अजून झोप आली नाही’ म्हणेपर्यंत झालेलं असतं.

तेव्हा आत काय चालतं ते समजून घ्या, कारण पुढचे प्रश्न त्यावरच आहेत. बोटाएवढी जाड लवचिक नळी गुदद्वारातून आत जाते, हवा किंवा कार्बन डायऑक्साइड सोडून आतडं फुगवतात आणि नळी वळणं घेत सिसमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. तिथे अपेंडिक्सचं तोंड आणि लहान आतड्याची झडप दिसते, तिचा फोटो काढतात, आपण शेवटपर्यंत पोचलो याचा तो पुरावा. पण हा नुसता प्रवास झाला. पॉलिप शोधतात ते परत येताना. हळूहळू मागे येत प्रत्येक घडीच्या मागे डोकावायचं, पाणी मारून धुवायचं, शोषून घ्यायचं. माझा ८ मिलिमीटरचा उजव्या बाजूला, सपाट, वर शेंबडासारखा पिवळट थर धरून बसला होता, तो धुतल्यावर खालचा पॉलिप दिसला. चिखलात तो कसा दिसणार होता सांगा.

एकाच माणसाची लागोपाठ दोनदा कोलोनोस्कोपी करून बघितलेल्या अभ्यासांत पहिल्या फेरीत चारातला साधारण एक अडेनोमा निसटलेला आढळलाय, बहुतेक छोटेच, पण निसटतात. कॅलिफोर्नियातला एक मोठा अभ्यास आहे, २०१४ चा, ३ लाखांवर कोलोनोस्कोपी आणि १३६ डॉक्टर. काही डॉक्टरांना शंभरातल्या ७-८ लोकांत अडेनोमा सापडायचे, काहींना पन्नासहून जास्त लोकांत! आणि ज्यांना जास्त सापडायचे त्यांच्या पेशंटना पुढे कॅन्सर कमी झाले, सापडण्याचं प्रमाण एका टक्क्याने वाढलं की धोका ३ टक्क्यांनी कमी. आपल्याकडे मुळात पॉलिप कमी, त्यामुळे हा आकडा इकडे जसाच्या तसा लावायचा नाही, पण डॉक्टर किती निवांत बघतो याने फरक पडतो हे नक्की.

म्हणून आधी भेटायला जाल तेव्हा नम्रपणे विचारा: बाहेर येताना तुम्ही साधारण किती वेळ देता? पॉलिप नसतानाही निदान ६ मिनिटं हा जुना नियम, आता ८ म्हणतात. सिसमचा फोटो रिपोर्टमध्ये असेल का? छोटा पॉलिप सापडला तर तेव्हाच काढाल का परत बोलवाल? मला वाटलं होतं डॉक्टर चिडतील, उलट खूश झाले. कोणी चिडलं तर तेही एक उत्तरच आहे.

काढताना आणि नंतर

१० मिलिमीटरच्या आतले पॉलिप तारेच्या फासात पकडून विजेचा चटका न देता तसेच कापतात. दुखत नाही, आतड्याच्या अस्तराला कापल्याचं कळत नाही, ताणल्याचं कळतं. मोठे, पसरट असतील तर खाली द्रव टोचून उचलून घेतात आणि तुकड्यातुकड्यात काढतात. त्यासाठी कदाचित वेगळी तारीख किंवा वेगळा तज्ज्ञ लागेल, तसं सांगितलं तर घाबरू नका, ते चांगल्या डॉक्टरचं लक्षण आहे.

घरी आल्यावर दिवसभर गॅस. लाजू नका, सोडा. मऊ भातापासून सुरुवात. पॉलिप काढला असेल तर पहिल्या एकदोन वेळा चिमूटभर रक्त दिसू शकतं, पण गाठीगाठीचं रक्त, थांबत नाही असं, किंवा पोट दगडासारखं कडक होऊन वाढत जाणारं दुखणं, ताप, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत. आतड्याला भोक पडणं दुर्मीळ आहे, काही हजारांत एखादं, पण ते वेळेत कळावं लागतं. रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत कधीही होऊ शकतो, म्हणून मोठा पॉलिप काढला असेल तर लगेच चारधाम बुक करू नका.

दोन रिपोर्ट असतात, दोन्ही घ्या

एक लगेच मिळतो, दुर्बिणीचा. त्यात सिसमपर्यंत पोचले का बघा आणि बॉस्टन स्कोअर, म्हणजे आतडं किती साफ होतं त्याचे मार्क, बघा. आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, एकूण ९. एकूण ६ आणि प्रत्येक भागाला निदान २ हवेत. माझा पहिल्या वेळचा ३ होता, दुसऱ्या वेळी ८. तिसरीत नापास होऊन परत बसल्यासारखं वाटलं. स्कोअर कमी असताना ‘नॉर्मल’ लिहिलं असेल तर ते नॉर्मल नाही, ते ‘दिसलं नाही’ आहे.

दुसरा बायोप्सीचा, आठवडाभराने येतो आणि बरेच लोक तो आणायलाच जात नाहीत. पुढची तारीख तर त्याच्यावरच ठरते! ‘ट्युब्युलर अडेनोमा, लो ग्रेड डिसप्लेझिया’ वाचून गूगल करत रडत बसू नका, प्रत्येक अडेनोमात थोडा डिसप्लेझिया, म्हणजे पेशींची बिघडलेली वाढ, असतोच, हा सर्वांत साधा प्रकार. ‘व्हिलस’ किंवा ‘हाय ग्रेड’ लिहिलं असेल तर मात्र डॉक्टरांशी बसून बोला.

पुढच्या तारखा अमेरिकन तज्ज्ञांच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अशा: स्वच्छ आतडं आणि काहीच नाही तर १० वर्षांनी. एकदोन छोटे अडेनोमा, १० मिलिमीटरच्या आतले, तर ७ ते १०. तीनचार असतील तर ३ ते ५. पाच ते दहा असतील, किंवा एखादा १० किंवा त्याहून मोठा, किंवा व्हिलस, किंवा हाय ग्रेड, तर ३ वर्षांनी. दहाच्या वर असतील तर वर्षात. २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा तुकड्यांत काढला असेल तर ६ महिन्यांनी ती जागा परत बघतात. आपल्याकडेही बरेच डॉक्टर हेच वापरतात. आणि दरवर्षी करा असं कारणाशिवाय कोणी सांगितलं तर का ते विचारा, जास्त वेळा केली म्हणजे जास्त सुरक्षित असं नाही.

माझ्या दोनपैकी छोटा ट्युब्युलर अडेनोमा आणि मोठा सेरेटेड निघाला, दादाचा इतिहास धरून ५ वर्षं दिली. दोन्ही रिपोर्टचे फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले, काकूंना आवडलं नाही, असो. दादाच्या मुलाचं वय आता २६ आहे, त्याच्या मोबाइलमध्ये चाळिसाव्या वाढदिवसाचा रिमाइंडर मीच लावून दिलाय.